रविवारपासून मोजलेला गोवर

सोमवार, १२ फेब्रुवारी

प्रयोगशाळेच्या वहीत चार रकाने आहेत: क्रमांक, तारीख, नमुना, निकाल. माणसांसाठी रकाना नाही, आणि तो नसावाच. पण जिल्हा आरोग्य कचेरीतून मला सहा आठवड्यांसाठी इथे पाठवताना आमचे प्रमुख म्हणाले, "मिरुना, तिकडे जे होईल ते वेगळं लिहून ठेव. तू बोलत तर नाहीसच." म्हणून ही वही.

रुग्णालय दोन मजली आहे. माझी प्रयोगशाळा पूर्वी चादरींना इस्त्री करण्याची खोली होती. एक खिडकी, बाहेर अक्रोडाचे झाड. एकच दिवा मधोमध लोंबतो. तो मी उद्या बदलून घेणार. शरद ऋतूपासून या खोऱ्यात गोवर आहे. रक्तातली प्रतिपिंडे तपासायचे एक किट मी बरोबर आणले आहे, जेमतेम दोन डझन नमुन्यांपुरते. पुढचे मार्चच्या पहिल्या आठवड्यात येईल. घशाचा स्वॅब घ्यायच्या नळ्या सहा. स्वॅब इथे तपासता येत नाही, राजधानीत बुखारेस्टला पाठवावा लागतो.

काटकसरीने वापरायचे ठरवले आहे.

बुधवार, १४ फेब्रुवारी

संसर्गविभाग डॉ. वेतुरिया बघतात. वय अडुसष्ट. दोनदा निवृत्त झाल्या, दोनदा परत बोलावल्या गेल्या. आज त्यांनी मला दोन भाऊ दाखवले, चार आणि सात वर्षांचे. डोळे लाल, नाक वाहते, कोरडा खोकला. कानामागून सुरू झालेले पुरळ छातीपर्यंत आलेले.

"पुरळ कोणीही ओळखेल," त्या म्हणाल्या. "इकडे बघ. तोंडात. गालाच्या आतून, दाढांसमोर. रवा सांडलाय."

मला काही दिसले नाही, तसे सांगितले.

"पुन्हा बघ. घाई आहे का? लग्नाला जायचंय?"

पुन्हा पाहिले. लाल त्वचेवर पांढरे बारीक कण होते. मी म्हणाले, निकाल आला की कळवीन. त्यावर त्या इतक्या हसल्या की धाकट्याने रडणे थांबवले. "अगं पोरी, गोवराला तुझ्या निकालासाठी थांबायची सवय नाही."

गुरुवार, १५ फेब्रुवारी

दोन्ही भावांची प्रतिपिंडे सापडली, स्वॅबच्या दोन नळ्या बुखारेस्टला गेल्या. वेतुरियाबाई बरोबर होत्या. पण बरोबर असणे हा पुरावा नव्हे.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

सकाळी दहाला नवीन मूल आले. देलिया, वय सहा. आई इटलीत तोरिनोला एका म्हातारीची देखभाल करते. मुलगी आजीकडे, वरच्या गावात. आजीचे नाव सावेता. लस टोचलेली नाही, आई उन्हाळ्यात आली की टोचणार होती. आई फोनच्या पडद्यावर होती आणि तिचे चित्र सारखे गोठत होते.

फॉर्म मीच भरला. सावेता आजीचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण लोक तारखांच्या बाबतीत ढिसाळ असतात आणि ही बाई तशी नव्हती.

"गोवर कधीपासून?"

"रविवारपासून."

"नक्की रविवार?"

"नक्की म्हणजे? चर्चमधून आले, पोरीला चटका लागेल इतका ताप. शेजारच्या गावात गोवर होताच, मला काय कळत नाही? पेटी उघडली, माझी लाल शाल काढली, हिला गुंडाळलं, खिडकीला लाल रुमाल लावला. रविवारी दुपारी. आज पाचवा दिवस. नऊ झाले की उठेल."

"मध्ये काही औषध?"

"दुकानदारीण म्हणाली घशाचं आहे, तिने अँटिबायोटिक दिलं. मंगळवारपासून."

पुरळ: कानामागे, कपाळावर, दोन्ही गालांवर. छातीवर नाही, पोटावर नाही. डोळे लाल. खोकला आहे. तोंडात वेतुरियाबाईंना रवा दिसला. आजीने नुकतेच दूध पाजले होते. मी "अनिश्चित" लिहिले.

पाचव्या दिवशी रक्तात प्रतिपिंडे असतातच, रक्त पुरेसे आहे. स्वॅबची नळी वाचवली. आता चार उरल्या आहेत.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

देलियाचा निकाल: नाही. दोनदा चालवला. दोन्ही वेळा मर्यादेच्या बराच खाली.

कागद घेऊन गेले तेव्हा बालविभागाचे डॉ. चेर्नात जिन्यातच भेटले. त्यांनी कागद वाचून तो कपाळाला लावला. वेगळ्या खोल्या तीनच आहेत, तिन्ही भरलेल्या, आणि सकाळपासून दोन नवी गोवराची मुले कॉरिडॉरमध्ये बाकावर. "म्हणजे औषधाची ॲलर्जी," ते म्हणाले. "बाई, तुम्ही मला एक खोली दिलीत. देव तुमचं भलं करो."

वेतुरियाबाईंनी विरोध केला, सगळ्या नर्सेससमोर.

"हा गोवर आहे. मी हिचा गाल बघितलाय."

"नमुना पाचव्या दिवसाचा आहे," मी म्हणाले. "पाचव्या दिवशी नाही आलं म्हणजे नाही."

"मग मला सांग, पाचव्या दिवशी पुरळ अजून गळ्यातच का अडकलंय? आतापर्यंत पायाला लागायला हवं होतं."

"म्हणूनच तो गोवर नसावा."

त्यांनी माझा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "रक्त पुन्हा घे. रविवारी घे." नियमानुसार गरज नव्हती, किटच्या आठ पट्ट्या उरल्या होत्या आणि बाकावर दोन मुले होती. मी नाही म्हटले. दुपारी दोन वाजता देलियाला वरच्या मजल्यावर चार नंबरच्या खोलीत हलवले.

नंतर त्या ऑफिसातून याश शहरातल्या कोणा मैत्रिणीला फोन करत होत्या, कोणासाठी तरी काहीतरी आठवडाभर राखून ठेव म्हणून. इथे सगळे ओळखीपाळखीवर चालते. मला ते आवडत नाही.

शनिवार, २४ फेब्रुवारी

देलियाच्या फॉर्मवर आजीची सही राहिली होती, म्हणून चार नंबरमध्ये गेले. दुसऱ्या खाटेवर नार्चिसा नावाची मुलगी आहे, बावीस वर्षांची, आणि तिचा मुलगा तुदोर: साडेचार महिने, सहा किलो दोनशे. छातीत कफ झाला होता, आता बरा आहे. सोमवारी घरी जाणार.

"तुम्हीच का त्या लॅबवाल्या ताई?" नार्चिसा म्हणाली. "खाली म्हणतात तुम्ही हसत नाही."

"कामात हसण्यासारखं काही नसतं."

"याच्याकडे बघा मग. हा कामात नाही."

बाळ सावेता आजीच्या मांडीवर होते. देलिया त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन डोळे झाकायची, उघडायची. तो प्रत्येक वेळी दचकायचा आणि मग हसायचा. देलियाला मध्येच खोकल्याची उबळ आली. ती थांबली की पुन्हा खेळ.

आजी म्हणाली, "आता हिच्या छातीवर उतरलंय, पोरी. पोटाकडे चाललंय. बरं झालं. आत राहण्यापेक्षा बाहेर आलेलं बरं."

ॲलर्जीचे पुरळही पसरते. औषध बंद केले आहे, उतरेल.

बाळाने माझा पेन पकडला. सोडवायला अर्धे मिनिट लागले. ही नोंद का केली माहीत नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

तुदोर घरी गेला. बाकावरच्या दोन मुलांचे आणि आणखी सहांचे रक्त तपासले. किट संपले.

वेतुरियाबाई माझ्याशी कामापुरतेच बोलतात. आज कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "नमस्कार, विज्ञान."

बुधवार, २८ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिताच येणार नाही.

सकाळी वरच्या गावात गेले. सावेता आजीच्या शेजारच्या घरात तीन वर्षांचा मुलगा तापाने पडल्याचे कळले होते. नियमित तपासणी. मूल खाटेवर, कमरेला आईचा लाल ॲप्रन बांधलेला, खिडकीला लाल कापड. मी मूल पूर्ण तपासले. पुरळ कुठेही नव्हते.

"याला गोवर कधीपासून?" मी विचारले.

"कालपासून," आई म्हणाली.

"पुरळ कुठे आहे?"

"येईल ना. तीन-चार दिवस लागतात."

"मग कालपासून कसा?"

"लाल काल बांधलं की! सावेता मावशीनेच बांधून दिलं. आधी लाल बांधायचं, मग तो रंग बघून बाहेर येतो. नाही बांधलं तर आत राहतो आणि छातीत बसतो. लाल बांधलं तो पहिला दिवस, तिथून नऊ." ती माझ्याकडे बघायला लागली. "तुमच्याकडे कुठून मोजतात?"

मी बाहेर पायरीवर जाऊन बसले. फॉर्मची प्रत पिशवीत होती. काढायची गरज नव्हती. रविवारी ताप. रविवारी शाल. मी गोवर कधीपासून असे विचारले, पुरळ कधीपासून असे विचारले नाही. आणि उत्तर पुरळाच्या रकान्यात लिहिले. तिथूनच कुंपणापलीकडे सावेता आजीला हाक मारली. देलियाला काल संध्याकाळी सोडले होते.

"आजी, देलियाच्या तोंडावर पहिला ठिपका कधी दिसला?"

"ठिपका? गुरुवारी सकाळी. म्हणून तर बस पकडून आणली. शाल चार दिवस राबली तेव्हा कुठे बाहेर आला."

गुरुवारी सकाळी ठिपका. गुरुवारी सकाळी दहाला मी रक्त घेतले. तो पाचवा दिवस नव्हता, पहिलाच होता. पहिल्या दिवशी चारातल्या एका मुलाच्या रक्तात अजून काहीच दिसत नाही. आणि पुरळ गळ्यात अडकलेले नव्हते. ते नुकते निघाले होते.

देलियाकडे जाऊन घशाचा स्वॅब आणि पुन्हा रक्त घेतले. ताप नाही, पुरळ पायापर्यंत उतरलेले, तोंडावर तपकिरी पडत चाललेले. गोवर जाताना असाच दिसतो. मला ओळखू आला.

बाराला रुग्णालयात पोचले. आता हेही लिहिते: मी सरळ वेतुरियाबाईंकडे गेले नाही. प्रयोगशाळेत वीस मिनिटे बसले. किट नाही, बुखारेस्टचा निकाल सोमवारी. सोमवारपर्यंत थांबले असते तर मी काहीच चूक केली नसती, फक्त निकाल उशिरा आला असता. देलियाला गोवर नसण्याचीही थोडी शक्यता होतीच. पुराव्याशिवाय बोलायचे नाही, हे मी नेहमीच म्हणत आले आहे.

पण लस न टोचलेल्या एवढ्या लहान बाळाला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यायचे तर संसर्ग झाल्यापासून सहा दिवसांत द्यावे लागते. शुक्रवारी दुपारी दोन अधिक सहा दिवस: उद्या दुपारी दोन. सोमवारी माझ्याकडे पुरावा असता आणि तुदोरसाठी काहीच नसते.

वेतुरियाबाई सूप पीत होत्या. मी उभ्यानेच सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकदाही तोडले नाही. चमचा खाली ठेवला.

"चाळीस वर्षं या खोऱ्यात आहे मी," त्या म्हणाल्या. "लाल शाल मलाही माहीत होती. फॉर्म मी वाचला नाही, मला फॉर्मचा कंटाळा. म्हणजे अर्धी चूक माझी. आता बसू नकोस, लिही. तुझा कागद रद्द केल्याशिवाय याशहून कोणी इंजेक्शनची कुपी देणार नाही. तुझ्या सहीचा 'नाही' आहे तो."

मी लिहिले. "नमुन्याची वेळ चुकीच्या तारखेवर ठरवली. तारीख मी नोंदवली. निकाल ग्राह्य धरू नये." तीन वाक्ये. डॉ. चेर्नात यांच्याकडे स्वतः घेऊन गेले.

त्यांनी दोनदा वाचले. "तुमचा कागद होता म्हणून मी हलवलं."

"होय."

"चार नंबरमध्ये."

"होय."

"बाई, मला रागवायचंय, पण वेळ नाही," ते म्हणाले आणि त्या मजल्यावरच्या मुलांची लशीची कार्डे मागवली. बाकीच्या सगळ्यांना दोन्ही डोस मिळालेले आहेत. राहिला तुदोर एकटाच.

सरकारी गाडी नमुने मंगळवारीच नेते. बर्फाची पेटी बुखारेस्टच्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडे दिली; लोक त्याच्याकडे लोणची, सॉसेज, विसरलेले पासपोर्ट देतात. त्याने विचारले, "काय आहे, चीज?" मी म्हणाले, घसा. त्याने पुढे विचारले नाही.

याशला एकच कुपी शिल्लक होती. नशीब. उद्या सकाळच्या बसने येईल. नार्चिसाचा फोन बंद आहे.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

बस अकरा चाळीसला आली, चाळीस मिनिटे उशिरा. वेतुरियाबाईंच्या गाडीने निघालो. त्या गाडी चालवताना बोलतात आणि बोलताना समोर बघत नाहीत. पुलाच्या अलीकडे लाकडांचा ट्रक आडवा झाला होता. तिथे सव्वीस मिनिटे गेली. वेतुरियाबाई उतरल्या आणि ट्रकवाल्याला असे काही बोलल्या की ते या वहीत लिहिता येणार नाही. पण ट्रक हलला.

नार्चिसा अंगणात दुपटी वाळत घालत होती. आम्हाला दोघींना बघून तिचे हात तसेच वर राहिले.

मीच सांगितले. वेतुरियाबाई सांगणार होत्या, मी त्यांना थांबवले. कोणत्या खोलीत, कोणत्या मुलीकडून, माझी चूक कुठली.

"तुम्ही त्या खोलीत आला होतात," ती म्हणाली. "तिथे उभ्या राहिलात. ती खोकत होती, माझं पोर तिच्या तोंडासमोर होतं, तुम्ही बघत होतात. आणि तुम्हाला कळलं नाही?"

"नाही कळलं."

"मग कळतं कोणाला?"

मी वेतुरियाबाईंकडे बोट केले.

"मग यांचं का नाही ऐकलंत?"

उत्तर होते, पण ते तिला देण्यासारखे नव्हते. "माझ्याकडे कागद होता," मी म्हणाले.

ती दुपटे पिळत राहिली. ते आधीच पिळलेले होते. मग म्हणाली, "मेलं तर? सांगा ना, तुम्ही सगळं मोजता. मोजून सांगा."

मला आकडे माहीत आहेत. मी सांगितले नाहीत. घड्याळ दाखवले. "अजून पन्नास मिनिटं आहेत. इंजेक्शन आत्ता दिलं तर बहुधा होणारच नाही, झालाच तर सौम्य होईल. मला शिव्या नंतर द्या, मी इथेच आहे."

"देणारच आहे," नार्चिसा म्हणाली आणि दार उघडले.

वजन पुन्हा केले: सहा किलो तीनशे. तीन मिलिलिटर आणि थोडे वर, दोन मांड्यांत विभागून. नार्चिसाने त्याचे डोके धरले, पाय मी धरले. इंजेक्शन वेतुरियाबाईंनी दिले. एक वाजून बावीस मिनिटे. तो खूप रडला आणि मग पुरेसा रडून झाल्यासारखा एकदम थांबला.

प्रतिपिंडांमुळे आजार लांबतोही, म्हणून अठ्ठावीस दिवस लक्ष ठेवायचे. बावीस मार्चपर्यंत. नार्चिसाने रोज संध्याकाळी त्याचा फोटो आणि ताप पाठवायचा. निघताना तिने आम्हाला कॉफी विचारली नाही. बरोबरच केले.

शुक्रवार, १ मार्च

आज सगळ्या बायकांच्या कोटाला वसंताच्या स्वागताचे लाल-पांढऱ्या दोऱ्याचे गोंडे आहेत. सावेता आजी बसने आली. मला एक गोंडा दिला, टोचला स्वतःच, आणि मग तिथेच उभी राहिली.

"गावात म्हणतात मी खोटी तारीख सांगितली."

"नाही सांगितलीत."

"मी रविवार म्हटलं, रविवारच होता."

"रविवारच होता. मी चुकीचं विचारलं."

"मग गावात तसं सांग," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर ऐकतील. तू शिकलेली आहेस."

शिकलेली आहे म्हणून. मी जाईन म्हटले.

रविवार, ३ मार्च

प्रार्थनेनंतर चर्चच्या अंगणात सांगितले. साधारण चाळीस माणसे होती. चूक कोणाची ते आधी, मग मोजणी: पहिला ठिपका दिसेल तो पहिला दिवस. एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे लाल बांधायचं नाही?" मी म्हणाले, बांधा, पण ठिपका दिसला तो वारही दारामागे खडूने लिहा, आणि ताप आला त्याच दिवशी आम्हाला कळवा. हे त्यांना पटले. मी तयार करून नेलेले भाषण याहून लांब होते.

सोमवार, ४ मार्च

बुखारेस्टचा निकाल आला. देलिया: आहे. रक्तातही, स्वॅबमध्येही.

सुटल्यासारखे वाटायला हवे होते. डॉ. चेर्नात म्हणाले, "अभिनंदन, तुमची चूक सिद्ध झाली." हा विनोद होता हे मला जेवताना कळले.

शनिवार, ९ मार्च

पंधरावा दिवस. सकाळी आठला नार्चिसाचा फोन. ताप अडतीस पूर्णांक एक अंश सेल्सिअस. गालावर लाल.

पिशवीत रक्ताच्या नळ्या, स्वॅब, नवे किट आलेले, सगळे भरले. वेतुरियाबाईंच्या गाडीने निघालो. आज त्यांनी पूर्ण वेळ समोर बघून गाडी चालवली, हे विशेष.

दारात त्यांना बूट काढायला फार वेळ लागला. गुडघे दुखतात म्हणाल्या. चांगली दोन मिनिटे चौकटीला धरून, आत बाळाकडे बघत उभ्या होत्या. मी तोवर हात धुऊन गरम केले. मग त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तू बघ."

"तुम्हीच बघा."

"तू बघ म्हटलं ना."

मी बघितले. घाई केली नाही. डोळे: स्वच्छ, पाणी नाही, उजेडाला मिटत नाहीत. नाक: कोरडे. खोकला: दहा मिनिटांत एकदाही नाही. कानामागे: काही नाही. केसांच्या कडेला: काही नाही. लाली फक्त हनुवटी आणि गालाच्या खालच्या भागावर, जिथे लाळ वाहते तिथे. मुठी तोंडात. गाल आतून: गुलाबी, दोन्ही बाजू, दाढांची जागा, पुन्हा एकदा, दिवा फिरवून. खालची हिरडी सुजलेली, टणक.

नार्चिसा माझ्या तोंडाकडे बघत होती. बाळाकडे नाही.

"गोवर नाही," मी म्हणाले. "दात आहे."

"नक्की?" वेतुरियाबाईंनी विचारले.

"रक्त घेतलं तर सोमवारी..."

"मी सोमवारचं विचारलं नाही."

मी पुन्हा एकदा त्याच्याकडे बघितले. "नाही. आज हा गोवर नाही."

"चला मग," असे म्हणून त्या उठल्या. मला वाटले त्या एकदा तरी तपासतील. जवळही आल्या नाहीत. इतकी मोठी जबाबदारी कोणी अशी सोडते का? नार्चिसाने मात्र या वेळी कॉफी केली आणि मला दोन चमचे साखर घातली. मी साखर घेत नाही. प्यायले.

गुरुवार, १४ मार्च

फोटो रोज येतात. ताप बारा तारखेपासून नाही. आज फोटोत तो फोनच खात होता.

बुधवार, २० मार्च

सहा आठवड्यांचा माझा मुक्काम शनिवारी संपतो. प्रमुखांनी फोनवर विचारले, आणखी दोन महिने राहशील का, बहुधा नाही म्हणशील. मी म्हटले, विचार करते. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला.

शुक्रवार, २२ मार्च

अठ्ठाविसावा दिवस.

जायची गरज नव्हती, फोटो पुरला असता. दुपारच्या बसने गेले. नार्चिसाच्या घरी ईस्टरआधीच्या उपवासाचे दिवस असल्यामुळे वाटाण्याचे कालवण होते आणि मक्याची उकड. तिने वाढले, मी नाही म्हणायच्या आत.

तुदोर सहा किलो आठशे. तपासला. ताप नाही. त्वचा स्वच्छ. डोळे स्वच्छ. नार्चिसाला सांगितले, "संपलं. त्याला काही झालेलं नाही, आता त्या मुलीकडून होणार नाही."

 तिने तोंडावर ओढणी धरली. मग एकदम म्हणाली, "माझ्या तुम्हाला शिव्या द्यायच्या राहिल्यात."

"हो. मी थांबले आहे."

"आता सुचत नाहीत. आल्या की फोन करीन." तिने नाक पुसले. "धरा जरा याला, कोंबड्या आत घेते. पडू देऊ नका. मोजत बसू नका."

मी मूल याआधी नमुना घेण्यापुरतेच धरलेले आहे. तो आधी माझ्या कॉलरशी खेळला, मग गळ्याला तोंड लावले, मग जड झाला. झोपेत श्वास: मिनिटाला चौतीस. मोजायचे नव्हते.

नार्चिसाने कोंबड्या आत घेतल्या, लाकडे आणली, शेजारणीशी बोलली, परत आली आणि आम्हाला बघून चुलीपाशी बसली. शेवटची बस सहाला, थांबा घरासमोरच आहे. सहाला दोन मिनिटे असताना बस वळणावर दिसली. उठले असते तर तो जागा झाला असता.

बस थांबली, दार उघडले, बंद झाले, गेली.